मंदाचं दार आणि माझं ‘हो ना’

चहा घ्या आधी. आणि मी सांगत असताना मध्येच कुणी आपलं मत देऊ नका, हात जोडते! कारण समोरच्यानं मत दिलं की माझ्या तोंडून आपोआप ‘हो ना!’ निघतं. डोक्याला विचारायचं राहूनच जातं. ह्या ‘हो ना’नं गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या एका अख्ख्या गावात माझी जी शोभा झाली, ती ऐकाल तर म्हणाल, ही बाई शिक्षिका झालीच कशी?

मी मूळची चंद्रपूरची. एम.ए., बी.एड. आणि भित्री. दार वाजलं की दचकते, फोन वाजला की दचकते, फोन वाजला नाही तर का वाजला नाही म्हणून घाबरते. अशा बाईला नोकरी कुठं मिळावी? जंगलातल्या गावात! हायस्कुलात मराठी शिकवायला, तीही एका वर्षाच्या करारावर. वर्ष संपत आलं की शाळेची समिती बसणार आणि ठरवणार, मॅडमला ठेवायचं की चंद्रपूरच्या बसमध्ये बसवून द्यायचं.

आणि चंद्रपुरात आई एक स्थळ घेऊन तयारच बसलेली. “मुलगा गडचांदूरला आहे, सिमेंटमध्ये,” असं ती रोज फोनवर सांगायची, जणू काही तो कमरेपर्यंत सिमेंटमध्ये रुतलेला आहे आणि मी जाऊन त्याला बाहेर काढायचं आहे. म्हणजे करार वाढला तर नोकरी, नाही वाढला तर सिमेंट. माझा जीव कुठं अडकला होता ते आलं ना लक्षात?

आता नववीच्या पोरांना अवांतर वाचनासाठी एक कादंबरी लावायची होती. मुख्याध्यापक सर म्हणाले, तुम्हीच निवडा. मी निवडली. पंधरा वर्षांच्या मंदाची गोष्ट. मंदा गणितात नापास होते, बापाशी भांडते, पहाटेच्या एसटीनं शहरात पळून जाते, साड्यांच्या दुकानात घड्या घालते, ठेचा खात खात शहाणी होते आणि शेवटच्या पानावर परत येऊन आपल्याच घराचं दार वाजवते. संपली कादंबरी! बाप दार उघडतो की नाही, ते लेखिकेनं लिहिलेलंच नाही. ह्याला सूचक शेवट म्हणतात, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. गावात ह्याला काय म्हणतात, ते पुढं येईलच.

मार्च लागला आणि वर्ग ओस पडला. मोहफुलांचा हंगाम! पहाटेपासून झाडाखाली फुलं टपटपायला लागतात, आणि घरातलं झाडून सगळं माणूस टोपली घेऊन जंगलात. पोरंसुद्धा. मग मी माझी हुशारी चालवली. कादंबऱ्याच पोरांच्या टोपलीत टाकल्या आणि सांगितलं, “फुलं वेचून झाली की सावलीत बसा आणि मोठ्यानं वाचा. प्रती थोड्या आहेत, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.”

काय ती माझी कल्पना! स्वतःच्याच पाठीवर थाप मारावी असं वाटत होतं.

पण तुम्हीच सांगा, झाडाखाली पोरगं मोठ्यानं वाचायला लागलं तर ऐकणार कोण? पोरंच का? आई ऐकते, बाप ऐकतो, आत्या ऐकते, पलीकडच्या मोहाखालची माणसं टोपली घेऊन सरकत सरकत अलीकडे येतात. आठवड्याभरात मंदा जणू त्याच गावात राहायला आली. आणि गावात नवीन पोरगी राहायला आली की लोक काय करतात? बरोबर. तिच्याबद्दल बोलायला लागतात.

पहिल्यांदा मला गाठलं वच्छलाबाईंनी. नववीतल्या एका मुलीची आई, वर शाळा समितीची सदस्य. मी हातपंपावर पाणी भरत होते.

“काऊन जी मॅडम!”

मी दचकले. बादली माझ्याच पायावर.

“हे कोनती पोट्टी आणली तुमी पुस्तकात? मायबापाले न सांगता एसटीत बसते! आमच्या पोट्ट्या याच्यातून का शिकतीन, एसटीचा टाइम?”

खरं सांगू? मंदा मला मनापासून आवडते. मी म्हणायला हवं होतं की बाई, शेवटपर्यंत ऐका, ती कशी बदलते ते बघा. आणि मी म्हणाले काय?

“हो ना बाई! मलाही अजिबात पटलं नाही. असलं पुस्तक शाळेत लावूच नये.”

“पण लावलं त तुमीच.”

“हो ना!”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पण जाताना खूश दिसल्या. चला, समितीतलं एक मत आपल्याकडे, असं म्हणून मी पाय चोळत घरी गेले.

दोन दिवसांनी आठवडी बाजारात डोमाजीभाऊ. हे समितीचे अध्यक्ष. ह्या एवढ्या मिशा, आणि आवाज असा की एका हाकेत रानातली गुरं घराकडे वळावीत.

“मॅडम!!”

टोमॅटो सगळे रस्त्यावर. मी गोळा करायला वाकले, तेही वाकले, आणि पाहते तर काय, त्या मिशांच्या वर डोळे भरलेले!

“थे मंदा दुकानात भुकी झोपते नं जी, थे आयकू नाई गेलं मले. उठून झाडामांगं गेलो. अन् इकडं काही जण तिलेच नावं ठिवून राह्यले! मी त म्हणतो, लय चांगलं पुस्तक हाय. तुमाले कसं वाटते?”

“हो ना भाऊ!” हे मात्र मनापासून होतं. तिथंच थांबायचं ना? पण मी समोरच्याला खूश करायला लागले की मला ब्रेकच नाही. “मी तर रडले वाचून! नावं ठेवणाऱ्यांना पुस्तक कळलंच नाही, दुसरं काय!”

आता नावं ठेवणारे म्हणजे कोण, हे त्या गावात शोधत बसावं लागतं का? संध्याकाळच्या आत माझं वाक्य वच्छलाबाईंच्या अंगणात पोचलं. फक्त बोलणारीचं नाव मधे कुठंतरी गळालं आणि डोमाजीभाऊंचं चिकटलं.

झालं! गाव फुटलं. डोमाजीभाऊंकडचे म्हणायचे, बापानं दार उघडलं. वच्छलाबाईंकडचे म्हणायचे, नाही उघडलं, आणि उघडूही नये, बाहेर बसू दे रात्रभर. पानठेल्यावर तेच, धानाच्या गिरणीवर तेच. एका घरात सासू दार उघडणारी आणि सून न उघडणारी, आणि मधल्या मध्ये नवऱ्याला जेवायला कोण वाढणार याचा पत्ता नाही! एक भाऊ तर मला खास विचारायला आले, “मॅडम, मंदाच्या घरची कडी आतून होती का बाहेरून? त्याच्यावर हाय सारं.”

“हो ना,” मी म्हणाले.

जो यायचा, तो आपलं मत सांगायचा आणि माझं ‘हो ना’ खिशात घालून परत जायचा. दोन्हीकडचे छातीठोक सांगत होते, मॅडम आपल्याच बाजूच्या हायेत!

शेवटी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. “मॅडम, डोमाजीभाऊ आणि वच्छलाबाई एका सतरंजीवर बसायला तयार नाहीत. समितीची बैठकच होत नाही. बैठक नाही तर तुमचा करार वाढवणार कोण?”

“हो ना सर.”

“हो ना काय? काहीतरी करा!”

काय करणार? रात्री आईचा फोन आला, तेव्हा मला कानात सिमेंट कालवल्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळची शाळा. मोह सरत आला होता, पोरं वर्गात परतली होती. मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात लांबून डबे बडवल्याचा आवाज. खिडकीतून पाहिलं आणि माझ्या हातातला खडू पडला. रस्त्यावर धुरळा, आणि धुरळ्यातून गावच्या गाव चालून येतंय! डोक्याला फडकी, हातात काठ्या, काहींच्या खांद्यावर कुऱ्हाडी, पुढं दोन जण पत्र्याचे डबे वाजवताहेत. सगळ्यांत पुढं कोण? डोमाजीभाऊ आणि वच्छलाबाई. बरोबरीनं!

मोर्चा! मंदावर मोर्चा, म्हणजे माझ्यावर!

शूर शिक्षिकेनं काय केलं असतं? वर्गाचं दार लावलं असतं, पोरांना धीर दिला असता. मी पोरांना तिथंच सोडून खिचडीच्या खोलीत पळाले आणि तांदळाच्या पोत्यामागे बसले.

खिचडीवाल्या बाईंनी वाकून पाहिलं. “मॅडम, काही सांडलं का?”

“मोर्चा आलाय!”

“कोनता मोर्चा? थे त तुमालेच बलावून राह्यले. सर बी आले बाहेर. चाला!”

आणि त्यांनी दंडाला धरून मला ओढलं. पोत्याचा आधार सुटला म्हणून मी हाताला लागलं ते धरलं. तो निघाला झारा. तर मी अंगणात उभी, साडीला तांदूळ, हातात झारा, समोर काठ्या घेतलेलं गाव. कुणी काही बोलायच्या आत मीच सुरू झाले.

“माझा काही दोष नाही! पुस्तक वाईट आहे, मला मान्य आहे! मला तर कधीच आवडलं नव्हतं! ते सरांनी निवडलं! मी उद्याच्या उद्या सगळ्या प्रती परत घेते. मंदा वाईट, तिचा बाप वाईट, दारसुद्धा वाईट!”

डबे थांबले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

डोमाजीभाऊ हळूच म्हणाले, “मॅडम, आमी त इचाराले आलो होतो का दार उघडलं का नाई. रोज रोज भांडून जीव कटाळला. मी अन् वच्छलाबाई म्हणलो, तुमी शिकेल हाय, तुमी सांगान तसं मानू. अन् आलोच हाय त सरायले म्हणू, पुढच्या साली बी या मॅडमलेच ठेवा. पोट्टे पुस्तक वाचाले लागले.”

“मग... मग ह्या काठ्या?”

“मोहावरून सिध्या येऊन राह्यलो जी! अस्वलाले बी मोह लागते. काठ्या अन् डबे नाई न्यायचे त का तुमचं पुस्तक दाखवाचं त्याले?”

पोरं खिडकीत लटकून हसत होती. मला वाटलं, संपलं, सुटले. पण वच्छलाबाई पुढं आल्या.

“थांबा जी भाऊ. बेकार पुस्तक हाय, असं माह्याजौळ बी म्हणल्या होत्या या.”

“मले त म्हणल्या, वाचून रडली म्हणून! अन् नावं ठिवणाऱ्यायले पुस्तकच समजलं नाई म्हणून.”

“हे यायनं म्हणलं? मले वाटलं तुमी म्हणलं!”

“मी काऊन म्हणीन?”

“मले म्हणल्या, बापानं दार उघडलं,” मागून सासू.

“मले म्हणल्या, नाई उघडलं,” सून.

“अन् कडीचं इचारलं त मले नुसतं हो ना म्हणल्या!”

महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं अशी गळ्यात गळे घालून माझा हिशेब जुळवत होती, की काय सांगू! वच्छलाबाईंनी कमरेची पिशवी सोडून डोमाजीभाऊंपुढे सुपारी धरली. भाऊंनी घेतली. फुटलेलं गाव माझ्या डोळ्यांसमोर एक झालं, आणि कुणामुळं झालं ते विचारूच नका.

“बरं, आता त खरं सांगा,” भाऊ म्हणाले. “दार उघडलं का नाई?”

कॉलेजातलं शिक्षण कामाला आलं. मी घसा साफ केला. “तुम्हाला काय वाटतं?”

“पाहा! पुन्हा!” वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला.

समितीची बैठक तिथंच, आंब्याखाली, एकाच सतरंजीवर झाली. मी झारा घेऊन बाजूला उभी. माझं काळीज असं धडधडत होतं की आता कुणी डबा वाजवला असता तरी ऐकू आला नसता.

“ठेवा सर, या बाईले,” डोमाजीभाऊंनी निकाल दिला. “मनानं वाईट नाई. पण पुस्तक नोका देऊ यायच्या हाती. मराठी तुमीच शिकवा. यायले भूगोल द्या. पहाड कुठी हाय, नदी कुठी हाय, याच्यात कोणाचं मत लागत नाई.”

“हो ना!” मी म्हणाले. कुणी सांगायच्या आधीच.

तर आता मी भूगोल शिकवते. चांगलं चाललंय, वादाला जागाच नाही. नाही म्हणायला परवा एका पोरीनं हात वर केला. “मॅडम, चंद्रपूर जिल्हा चांगला का आपला गडचिरोली?”

मी उत्तर देणारच होते हो! पण त्याआधी खिडकीशी जाऊन, बाहेर कोण उभं आहे, तेवढं पाहून घेतलं.