डाव्या सीटखालचा पत्रा

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या सीटखाली हात घातला की बोटांना ओल लागे. ऐन वैशाखातसुद्धा. त्या ओलीला स्वतःचा वास होता: खिळ्यांच्या जुन्या डब्याचा, घामेजल्या मुठीत फार वेळ राहिलेल्या किल्लीचा, आणि त्याच्याही तळाशी कुजक्या पानांचा. वडील मात्र म्हणत, हा मासळीचा वास आहे. एका पावसाळ्यात ते तसं म्हणाले आणि मग वर्षानुवर्षं म्हणतच राहिले.

घडलं होतं ते एवढंच. तळवलीहून मामाने जिताडा पाठवला होता. खाडीकाठच्या गावांत हा मानाचा मासा; तो जावयाला पाठवतात. म्हणजे मान वडिलांचाच होता. बर्फात ठेवलेली ती पिशवी आईच्या पायाशी होती. वाटेत वडिलांच्या कामांसाठी दोन-तीनदा थांबत घणसोलीला आमच्या इमारतीपर्यंत येईतो बर्फ वितळला, पिशवीला कुठे बारीक चीर होती, आणि गुलाबीसर पाणी गालिच्यात उतरलं. आईने त्याच दिवशी तो गालिचा काढून लिंबू आणि सोड्याने घासला, गच्चीवर कडकडीत वाळवला. जिताडा वडिलांनी चवीने खाल्ला. पण पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला झाला, त्याच्या पुढच्या पावसात पुन्हा, आणि वडिलांनी निकाल देऊन टाकला : "मिठाचं पाणी एकदा मुरलं की मुरलं. माझी गाडी हिच्या माहेराने खाल्ली."

त्या निकालाची मुळं गाडीपेक्षा जुनी होती. वडिलांचे वडील साताऱ्याकडून बाजारात गोणी वाहायला आले आणि तळवलीत आईच्या वडिलांच्या घरात एका खोलीत भाड्याने राहिले. त्या खोलीत अभ्यास करून वडील कारखान्यात सुपरवायझर झाले, आणि घरमालकाच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. भाडेकरूचा मुलगा जावई झाला, पण त्यांच्या आतल्या भाडेकरूने ती खोली कधी सोडली नाही. आईच्या भावांनी त्यांना पाट दिला, पंगतीत वरचं ताट दिलं. ते प्रत्येक घासागणिक आपण कुणाच्या घरात जेवतो आहोत हे मोजत राहिले. गाडी मात्र संपूर्ण त्यांची होती. तिच्यात कुणी कुठे बसायचं हे ते ठरवू शकत होते.

त्यांनी आईला मागे बसवलं. "मासळीवाल्या बायकांनी मागं बसावं," असं हसत हसत म्हणून. हसत म्हटलेल्या वाक्याला उत्तर देता येत नाही, याचा त्यांना चांगला अनुभव असावा. पुढची डावी सीट रिकामी राहू लागली. पाहुणा आला की त्याला तिथे बसवताना ते जिताड्याची गोष्ट सांगत. आई मागून तीच गोष्ट पुन्हा ऐके, आणि काचेवर बोटाने काहीतरी गिरवत राही.

आजी आजारी पडली तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला आम्ही तळवलीला गेलो. वडिलांनी मागच्या सीटवर आधीच प्लॅस्टिकचा कागद अंथरून ठेवला होता. आजीला आत बसवलं तसा तो कागद तिच्याखाली चुरचुरला. तिचा सुरकुतलेला, पापडासारखा कोरडा तळवा त्याच्यावरून फिरला.

"ह्या काय हाय गो?" तिने विचारलं.

"पाऊस हाय ना, आये," आई म्हणाली.

बाहेर लख्ख ऊन होतं. आजीने खिडकीतून ते पाहिलं, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही. दवाखान्यापर्यंत प्रत्येक वळणावर प्लॅस्टिक वाजत राहिलं. ती घरी परतली नाही. दिवसकार्य आटोपल्यावर आई एकदाच माझ्याजवळ बोलली : "ती मासळी नव्हती. एवढं एकदा ह्यांच्या तोंडून यावं. मला दुसरं काय नको."

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर दिवाळीनंतर ती तपासणीला न्यायची होती, आणि कुजलेल्या तळाची गाडी तपासणीत टिकणार नव्हती. गॅरेजवाल्याने सीट हलवून खाली पाहिलं आणि "काका, सोडून द्या," एवढंच म्हटलं. निवृत्त झालेल्या वडिलांना कुणी काही सोडायला सांगणं सहन होत नसे. पावसाचा जोर ओसरला तसं त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हत्यारं जमवली आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये स्वतः काम काढलं. मी तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात घरीच होते. बॅटरी धरून उजेड दाखवणं माझ्याकडे आलं.

सीटचे नट निघाले, गालिचा सोलून निघाला, आणि आतला स्पंज ओल्या भाकरीसारखा तुटून हातात आला. त्याखाली गंज होता. गंजाला एकच रंग असतो असं मला वाटत असे. तिथे तो कडेला हळदीसारखा पिवळा होता, मग विटेचा, मग काताचा, आणि मधोमध काळा, पापुद्र्यांचा, झाडाच्या सालीसारखा सुटणारा. वडिलांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावा लागला नाही. पातं आरपार गेलं आणि खालची फरशी दिसली.

"बघ," ते म्हणाले. "बघून घे तुझ्या आजोळचं मीठ."

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून त्यांनी गंज खरवडला. ठिणग्या उडाल्या, लाल धूळ त्यांच्या पापण्यांवर, माझ्या दातांवर बसली. जिभेला रक्ताची चव आली. सोसायटीचे सेक्रेटरी लुंगी सावरत खाली आले. "काय साहेब, विमान बनवताय का? वर बायको म्हणते, दाढा हलल्या आवाजाने!" वडिलांनी त्यांनाही ते भोक दाखवलं आणि जिताड्याची गोष्ट सांगितली. सेक्रेटरी पोट हलवत हसले. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या आईने ओला टॉवेल झटकला, तेवढाच काय तो आवाज.

कुजका भाग कापून काढला, उरलेल्यावर गंज मारणारं औषध लावलं. ते लागताच तांबूस पत्रा काळानिळा पडला, मार बसलेल्या कातडीसारखा. नव्या पत्र्याचं ठिगळ रिबिटांनी बसवलं, लांबी भरून सांधे बुजवले, वर लाल प्रायमर, त्यावर डांबरी लेप. ठिगळ चोख बसलं होतं. खालून पाण्याचा थेंब येणार नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी मला वरून पाणी मारायला सांगितलं. मी पुढच्या काचेवर बादली ओतली.

खालून थेंब आला नाही. तो आला वरून. डॅशबोर्डच्या आतून, पंख्याच्या डब्याशेजारून, आधी एक, मग एकामागून एक, नव्या लेपावर टपटपत. पाणी खालून येतच नव्हतं. ते कधीच खालून आलं नव्हतं.

वडिलांनी डॅशबोर्डखाली हात घालून थेंबांची वाट चाचपली. मग उठले, वायपर सोडवले आणि काचेच्या तळाशी असते ती काळी प्लॅस्टिकची जाळी उचकटली. काचेवरचं पाणी त्या जाळीतून खाली जातं आणि दोन कडांच्या भोकांतून बाहेर पडतं. डावीकडचं भोक दिसतच नव्हतं. तिथे काळाभोर, दाट, ओला लगदा बसला होता. मी बॅटरी जवळ नेली. लगद्यातून केशरी दोऱ्याचं टोक वर आलं होतं. वडिलांनी ते ओढलं. दोऱ्याला अजून देठं अडकलेली होती. मागोमाग तांदळाचे फुगलेले दाणे, नारळाच्या शेंड्या, एक सुपारी, लिंबाची वाळून चामडं झालेली साल.

दसऱ्याला गाडीची पूजा वडील स्वतः करत. झेंडूचा हार काचेच्या तळाशी, वायपरला गुंडाळून. अक्षता, हळदकुंकू, सुपारी, लिंबू, नारळ फोडून त्याचं पाणी बॉनेटवर. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य कचऱ्यात टाकू देत नसत. देवाची फुलं पायदळी येऊ नयेत, त्यांना पाण्यात सोडायचं असतं. खाडीवर कोण जाणार, म्हणून ते पाइप घेऊन हाराचे तुकडे, सुट्या पाकळ्या, उरलंसुरलं सगळं काचेवरून खाली जाळीत सोडत. "पाण्यात गेलं, झालं विसर्जन," म्हणत. दरवर्षी. नेमाने. मनोभावे.

"बाबा," मी म्हटलं, "हा झेंडू आहे."

 त्यांनी तो लगदा दोन्ही हातांनी उपसून बादलीत टाकला, आणि वर वर्तमानपत्राचा तुकडा पसरू लागले. नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन खाली आली. मागून सेक्रेटरीही. आईने बादलीत पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती वाकली, चिमटीत एक देठ उचलला, त्याला चिकटलेली काळी पाकळी अंगठ्याने पुसली. आत कुठेतरी किंचित केशरी उरलं होतं. रागावली की तिचं तळवलीचं बोलणं वर येई, पण त्या दिवशी ती अगदी शुद्ध, सावकाश बोलली.

"मासळीला पाकळ्या असतात का हो?"

तीन माणसं तिथे उभी होती आणि तिघंही वडिलांकडे पाहत होती. आईला हवं होतं ते वाक्य फार लांब नव्हतं. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं, असं मला आजही वाटतं. मग त्यांची नजर सेक्रेटरींकडे गेली.

"काय सापडलं साहेब?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही," वडील हसले. नारळाची शेंडी उचलून त्यांनी दाखवली. "हिच्या जिताड्याचे काटे."

सेक्रेटरी हसले, पण बादलीत डोकावून थोडे थांबले. "हार दिसतोय हा, दसऱ्याचा."

"असेल की. देवाचं आहे ते. देवाच्या फुलांनी कधी लोखंड कुजतं का?"

"छे, छे," सेक्रेटरी म्हणाले, आणि नकळत हात जोडले. "प्रसादच तो."

आईने वडिलांसाठी आणलेला चहा सेक्रेटरींच्या हातात दिला. "घ्या भावजी. ह्यांचे हात देवाच्या कामात हायेत." आणि ती वर निघून गेली.

त्यानंतर तिने त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. वडिलांनी दोन्ही भोकं साफ केली, जाळी धुऊन बसवली, पुन्हा बादली ओतून पाहिली. आत ठणठणीत कोरडं. गालिचा नवा आला. मला वाटलं, एवढ्यावर हे मिटेल. आमच्या घरात गोष्टी अशाच मिटत, वरून प्रायमर लावल्यासारख्या.

दसऱ्याला वडिलांनी या वर्षी वेगळाच हार आणला. लहानसा, बोटभर, पुढच्या बंपरला बांधण्यापुरता. पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांची पूजा चालली होती, उदबत्त्यांचा धूर खांबांमधून तरंगत होता, बायका तबकं घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात आई खाली आली. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, तळवलीच्या पद्धतीने नेसलेलं. मी ते तिच्या अंगावर कधी पाहिलं नव्हतं. हातात टोपली. टोपलीत न ओवलेला झेंडू, पाकळ्या मोकळ्या केलेला, आणि पसाभर तांदूळ.

"यंदाची पूजा मी करते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्यांनी गाडी नवी केली ना."

बायकांनी कौतुकाने वाट करून दिली. आईने काचेवर हळदीचं बोट ओढलं. मग ओंजळीने पाकळ्या काचेच्या तळाशी सोडल्या. एक ओंजळ, दुसरी. जाळीच्या फटींत पाकळ्या बोटांनी लोटत, जशी ती आमच्या लहानपणी उशीत कापूस भरायची. वर अक्षता. वडिलांनी पाऊल पुढे टाकलं.

"अगं, तिथं नको. खाली घाल, चाकाशी."

आईने नारळ फोडला. अर्धी वाटी जाळीवर धरली, तिरपी केली, पण ओतली नाही. तशीच धरून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"का?" तिने विचारलं. "देवाच्या फुलांनी लोखंड कुजतं का?"

"नाही कुजत, वहिनी," सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले. "साहेबच सांगत होते."

ती थांबली. तिने त्यांना पुरेसा वेळ दिला. एखादं माणूस एखादं वाक्य म्हणेल एवढा. नारळाच्या वाटीच्या कडेवर पाणी थरथरत होतं.  वडिलांनी हातातला बोटभर हार बंपरवर ठेवला आणि रुमालाने कपाळ पुसलं. आईने वाटी उपडी केली. नारळाचं गोड पाणी पाकळ्यांमधून जाळीत उतरलं, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गेले तेव्हा खाली वडील बॉनेटवर वाकलेले होते. वायपर काढून बाजूला ठेवले होते, जाळी उघडी होती, आणि ते भिवया उपटायच्या चिमट्याने एकेक पाकळी, एकेक तांदूळ वेचत होते. शेजारी वर्तमानपत्रावर ओला केशरी ढीग. येणारेजाणारे थांबून पाहत होते. सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन उभे होते.

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अंगाला खोबरेल तेलाचा वास, केस अजून ओले. ती कठड्यावर वाकली.

"काय शोधताय हो?" तिने वरून मोठ्याने विचारलं.

वडिलांनी मान वर केली. सेक्रेटरींनीही. सकाळचं ऊन वडिलांच्या डोळ्यांवर येत होतं, त्यांना ती नीट दिसली नसावी.

"काटे," ते म्हणाले.

"मग नीट वेचा," आई म्हणाली. "एखादा राहिला तर घशात रुतून बसतो."

आणि ती केस झटकून आत गेली.