मॅन्युअल लेन्स घेऊन सुरतला

माझा कॅमेरा माणसाचे डोळे ओळखून आपोआप फोकस करतो. एवढं सुख सोसवेना, म्हणून मी चाळीस वर्षांपूर्वीची मॅन्युअल लेन्स आणि ती बसवायला अडॅप्टर घेतला. जाणकार म्हणतात, जुन्या काचेला 'कॅरेक्टर' असतं. माझ्या काचेला बुरशीही होती, बहुधा त्याच किमतीत.

ही सामग्री घेऊन जळगावहून रेल्वेने मामाकडे निघालो. सुरतच्या एक स्टेशन आधी, उधन्याला उतरा. तिथून मामा राहतो त्या लिंबायतला शेअर रिक्षा मिळते.

दुसऱ्या दिवशी मामाच्या खात्यावर गेलो. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. कॅमेऱ्याला ही लेन्स कळतच नाही, म्हणून आधी मेन्यूत जाऊन 'लेन्स नसली तरी फोटो काढ' अशी परवानगी द्यायची, मग हाताने रिंग फिरवायची. तोवर मामा तुटलेला धागा जोडून पुढच्या मागावर पोचलेला.

"अजून तयारीच चालू शे का रे?" मागांच्या खडखडाटात तो ओरडला.

दुपारी गरम लोचो, म्हणजे वाफवलेल्या हरभरा डाळीचा मऊ लगदा, खाल्ला (शेव मागून घ्या, तेल न मागता मिळतं) आणि हलणारी माणसं सोडून मामीकडे वळलो. ती घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापते. दोन फोटो काढले. एकात मामीपेक्षा मागची भिंत स्पष्ट, दुसरा नशिबाने बरा.

"मामी, कोणता ठेवू?"

तिने स्क्रीन नाकाशी धरली. "दोन्ही सारखाच शेतस ना, भाऊ."

टोमणा असेल म्हणून मी फोटो मोठे करून दाखवले. तरी तेच उत्तर. मग तिने कात्री खाली ठेवली. "तुन्हा मामाले सांगू नको. तो मन्हं काम बंद करी टाकी."

कित्येक महिने ती बोटांनी चाचपून धागे कापत होती. धाग्याबरोबर चुकून कापल्या गेलेल्या साड्या परत येत होत्या.

मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मी रोज तिन्हावर वरडू, लक्ष कोठे ऱ्हास तुन्हं."

तिसऱ्या दिवशीचा तापीकाठ रद्द करून डोळ्यांचा दवाखाना पाहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी निघेपर्यंत मामी माझ्याशी बोलली नाही.

घरी येऊन सगळे फोटो पाठवले. ऑपरेशननंतर महिनाभराने तिचा फोन आला. "भाऊ, इतला फोटो काढात, अन् एक बी धड नही!"

फोन ठेवून मी सगळे पुन्हा पाहिले. खरंच होतं. एकही पुसला नाही.