रिक्षातली कणीक

जळगावात मला रोज स्टेशनला सोडणारा रिक्षावाला घरी पोळ्या स्वतः करतो. सकाळी कणीक भिजवतो, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालतो आणि डबा इंजिनाच्या उबेला, माझ्या सीटखाली ठेवतो. खड्डा आला की मागे वळून डब्याकडे बघतो, माझ्याकडे नाही. मी फोनवर बोलायला लागले की म्हणतो, "हळू बोला अक्का, कणीक मुरी ऱ्हायनी."

परवा समोर म्हशी आल्या, तरी मुरणारी कणीक दचकेल म्हणून त्यानं हॉर्न वाजवला नाही. माझी बोदवडची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मी चिडले. तो इतका ओशाळला की मला थेट घरी जेवायला घेऊन गेला.

त्यानं मन लावून पोळी लाटली, भाजली, वर तूप सोडलं. मी तुकडा मोडला तर कट्‌कन आवाज झाला. त्याचा चेहरा बघवेना. त्याच्या आईनं माझ्या ताटलीत दूध ओतलं आणि पोळी त्यात बुडवली.

तो वाकून बघत राहिला. पोळी हळूहळू सैल पडली, तशी त्यानं मांडीवर थाप मारली.

"पाहा अक्का! नरम शे का नाही?"

"लोण्यासारखी," मी म्हणाले आणि चमचा मागितला.