सुगनचंद, बाबूमिस्त्री आणि शहागडच्या रस्त्यावरचे दोन हिसके

सुगनचंदला फिल्टरने मारलेले नाही.

बाबूमिस्त्रीच्या फिल्टरमुळे गाडी वाटेत बंद पडली आणि सुगनचंद गेला, असे जे परवापासून आपल्या ग्रुपवर लिहिले जात आहे ते असत्य आहे. काल उठावण्यात, त्याच्या शोकसभेतही, तेच कुजबुजले गेले. बाबूमिस्त्री दाराशी, चपलांजवळ बसला होता. त्याला कोणी पाणीदेखील विचारले नाही. आज सकाळी त्याच्या गॅरेजमधून दोन ट्रॅक्टर मालकांनी दुरुस्ती अर्धी असतानाच ओढून नेले.

म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाचा, मग हात जोडलेली चित्रे टाका.

सुगनचंद माझा विद्यार्थी. तर्कशास्त्रात दोनदा नापास. पुढे परतूरला वडिलांचे कापसाचे जिनिंग सांभाळले, आणि पोरांची लग्ने उरकल्यावर जुनी, लाल, दोनच आसनांची स्पोर्ट्स कार घेऊन आला.

महिनाभरात त्याला कोल्ड एअर इनटेक हवे झाले. म्हणजे कंपनीचा हवेचा डबा काढून इंजिनाला जास्त आणि थंड हवा देणारा बाहेरचा पाईप व फिल्टर बसवायचा. निवड करायला तो माझ्याकडे आला. मी तीन महिने वाचन केले आणि त्याला मुद्देसूद सांगितले.

थंड हवा दाट असते, म्हणून शक्ती वाढते. बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो. अर्थात ज्याला तू ‘कोल्ड’ म्हणतोस ते गरम आहे. लांब पाईप बंपरपर्यंत खाली नेला तर हवा थंड मिळेल, पण पावसाळ्यात पाणी थेट इंजिनात जाईल. उरतो तो बंद डबा, समोरून हवा घेणारा, कोरड्या फिल्टरचा. तुझ्या जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू उडतात. तिथे तेल लावायचा फिल्टर टिकणार नाही, तंतू त्याला चिकटतील.

“सर, तुम्ही गाडी न्हाई, पेपर तपासून राह्यलात.”

“उत्तर चुकले तर तपासावेच लागते.”

“मला पॉवर पायजेच न्हाई. आवाज पायजे. घरात माझं कोणी ऐकत न्हाई, गाडीनं तरी बोलावं का न्हाई?”

“मग भोंगा बसव.”

त्याने उघडा शंकू मागवला आणि बसवायला बाबूमिस्त्रीकडे दिला.

बाबूची हयात ट्रॅक्टर दुरुस्तीत गेली. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला खाली तेलाची वाटी असते. धूळ त्या तेलात बसते. फिल्टरसोबत आलेली तेलाची इवलीशी बाटली पाहून तो हसला. “एवढ्यानं काय व्हतंय सेठ?” म्हणाला, आणि अख्खा फिल्टर इंजिन ऑइलात बुडवून काढला.

ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढले. वर हंगामाची रुई चिकटली. पंधरा दिवसांत गाडी हिसके देत बाजारात बंद पडू लागली. फिल्टर काढला तेव्हा तो उशीसारखा दिसत होता. साऱ्या परतूरने ते पाहिले आणि साऱ्या परतूरने ते लक्षात ठेवले.

साऱ्या परतूरने जे लक्षात ठेवले नाही ते असे. बाबूने स्वतः येऊन चूक कबूल केली. सेन्सर स्वच्छ केला. बंद डबा आणि कोरडा फिल्टर त्याच हातांनी बसवला. त्यानंतर सबंध पावसाळा गाडी एकदाही अडखळली नाही.

“सर, तुम्ही बराबर होतात,” सुगनचंद म्हणाला. “त्याचाच तर राग येतो.”

आता त्या सकाळविषयी.

आम्ही दोघे शहागडला गोदावरी पाहायला निघालो होतो. अंतरवालीच्या फाट्यापुढे त्याने गाडी डाव्या बाजूला घेतली. इंडिकेटर दिला. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केले. छातीवर हात होता.

गाडी बंद पडली नव्हती. त्याने ती बंद केली होती. ज्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो त्यांनी एका माणसाची रोजीरोटी त्यावर तोलू नये.

“सर, तुम्ही घ्या स्टेअरिंग. अंबडला चला, जल्दी.”

“मला गाडी येत नाही.”

त्याही अवस्थेत तो हसला. “तीन महिने मला इंजिन शिकवून राह्यले होते ना तुम्ही?”

आम्ही जागा बदलल्या. मी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. तो क्लच सांगत होता, गिअर सांगत होता. गाडीने हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा हिसका, पुन्हा बंद.

“हळू सोडा सर, हळू,” एवढेच तो म्हणाला. नंतर बोलला नाही.

रस्त्याकडेच्या टपरीवरच्या लोकांचे लक्ष गेले ते त्या दोन हिसक्यांमुळे. त्यांनी हिसके पाहिले, ते ऐकून परतूरने जुना फिल्टर आठवला आणि निकाल दिला. पिकअप मिळेपर्यंत वीस मिनिटे गेली. दवाखान्यात उशीर झाला असे डॉक्टर म्हणाले.

गाडी निर्दोष होती. फिल्टर निर्दोष होता. बाबू निर्दोष आहे. उणीव चालकात होती, आणि चालक मी होतो.

काल उठावण्यात मी समोर बसलो होतो. कुजबुज ऐकली. बाबूने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मी खाली पाहिले. आयुष्यभर इतरांना पुरावा मागितला. स्वतः पुरावा असताना गप्प राहिलो. याला भित्रेपणा म्हणतात.

ज्यांना दोष द्यायचा आहे त्यांनी माझे नाव लिहावे. उद्या सकाळी मी बाबूच्या गॅरेजवर असेन. ट्रॅक्टर नेणाऱ्यांनी तिथे येऊन माझ्या तोंडावर बोलावे.

सुगनचंद, तू माझे ऐकलेस, तेही उशिरा. मला जे यायला हवे होते ते मी कधी शिकलोच नाही.

क्षमा मागत नाही. ती देणारा राहिला नाही.

जा बाबा. सरांचा तुला अखेरचा नमस्कार.