धर्ममातेशी घासाघीस करायची नसते

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत घरांच्या किमतींचा विषय निघाला की कोणाला तरी दोष द्यावाच लागतो, त्याशिवाय मधली सुट्टी पचत नाही. देशावरून आलेले सर म्हणतात, बिल्डरांनी वाट लावली. कोकणातल्या बाई म्हणतात, मुंबईतली घरं विकून इथे येणाऱ्यांनी. मी इथल्याच वाडीत वाढलेली, त्यामुळे मला तुम्ही सगळेच उपरे, असं मी त्यांना हसत हसत ऐकवायचे. पण आमच्या गावापुरतं माझं उत्तर ठरलेलं होतं आणि ते मी आवाज चढवून द्यायचे: फॉरेनवाले! आमच्याच आळीतून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, दुबईला गेलेले, आता तिकडच्या पैशांत विचार करणारे. मे महिन्यात यायचं, लग्नं उरकायची, आळीतल्या क्रुसासमोर संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला एकदोनदा उभं राहायचं आणि जाता जाता एखादं घर घेऊन त्याला कुलूप ठोकायचं. मग वर्षभर त्या ओट्यावर कुत्री झोपणार. मला त्या कुलपांचा फार राग यायचा. अजूनही येतो, फक्त आता तो बोलून दाखवता येत नाही.

हे सगळं आईमुळे घडलं. म्हणजे तिच्यासाठी. बाबांच्या आजारपणात निर्मळजवळच्या आळीतलं आमचं घर विकावं लागलं आणि बाबा गेल्यावर आई माझ्याकडे विरारला, फुलपाड्यात आली. चौथा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे ती हळूहळू खाली उतरेनाशी झाली. दार उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्चीत बसायची आणि जिन्यातून जाणाऱ्या बायकांना विचारायची, आज कालवण काय केलं म्हणून. पण आई बोलते आमच्या घरची बोली, जी मी इथे सगळ्यांना कळावी म्हणून बदलून लिहिते आहे. त्या बिचाऱ्या ‘हां आंटी, हां आंटी’ करत वर निघून जायच्या. आपण विचारलेल्या प्रश्नाला ‘हां’ हे उत्तर होत नाही, हे आईला कळायचं. काही महिन्यांनी तिने विचारणंच सोडलं.

“इथे वाईट कोणी नाही गं,” ती मला एकदा म्हणाली, “पण मला बोलायला कोणी नाही.”

डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्यामुळे माझ्या मनात एकच घोकणी सुरू झाली: आईला आळीत परत न्यायचं, आणि लवकर न्यायचं. चर्चला पायी जाता यावं, बाबांच्या कबरीवर स्वतःच्या हाताने फुलं ठेवता यावीत, आपल्या ओट्यावर बसून पलीकडच्या ओट्याशी बोलता यावं, याहून जास्त काही नको होतं तिला.

आमच्या जुन्या घरासमोर एका काकांची दोन खोल्यांची बैठी जागा रिकामी पडली होती. त्यांचा मुलगा विरारला फ्लॅट घेऊन राहतो, ते त्याच्याकडेच असतात. मी भीत भीत विचारलं, तर काका म्हणाले, “तुझ्या आईला आणायचं ना? मग आळीत जो दर चालला असेल तो दे, बाय. वर एक पैसा नको.” फुलपाड्याचा फ्लॅट विकला की तेवढं जमत होतं. नवऱ्याने स्टेशन लांब पडेल म्हणून थोडी कुरकुर केली आणि मग स्वतःच गिऱ्हाईक शोधायला लागला. आईला सांगितलं त्या दिवशी तिने कपाटातला ठेवणीतला क्रूस काढून पदराने पुसला. खिळा कुठे मारायचा, याचीही तिने माझ्याशी चर्चा केली.

त्याच सुमारास आळीच्या टोकाचं घर विकलं गेलं. माझ्या धाकट्या भावाच्या धर्ममातेचं. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच त्याला हातांवर घेतलं होतं, पहिलं झबलं तिचं, शाळेची पहिली बॅगही तिची. तिला मूलबाळ नाही. घराचं छप्पर बसलं तेव्हा ती भाचीकडे राहायला गेली आणि घर विकायचं ठरवलं. एका दुपारी तिचा मला फोन आला. आवाज असा, की मला वाटलं कोणी गेलं.

“अगं, तुझ्या भावाने घेतलं माझं घर,” ती म्हणाली. “कॅनडावरून फोन केला. मी आकडा सांगितला, तो एजंटने सांगितलेला. एजंट म्हणाला होता, वाढवूनच सांगा, समोरचा खाली आणतोच. आणि हा म्हणाला, बरं. नुसतं बरं! मी थांबले गं, तो काहीतरी बोलेल म्हणून. तो काही बोललाच नाही.”

तो बोलणार नव्हताच. धर्ममातेशी किमतीची बोलणी करायची नसतात. हे आम्हाला कोणी पाठ करायला लावलेलं नाही, पण आमच्याकडचं शेंबडं पोरही तिच्या हातून मिळालेलं कमी आहे असं म्हणत नाही आणि तिने मागितलेलं जास्त आहे असंही म्हणत नाही. भाऊ इतकी वर्षं बर्फात राहिला तरी हे विसरला नव्हता. ती नंतर स्वतःहून कमी करायला गेली तर तो दुखावला. “तुझ्या तोंडून निघालं ना, मग तेच,” म्हणाला. दोघंही आपापल्या जागी शहाण्यासारखी वागली आणि त्यातून गाढवपणा झाला.

एजंट गप्प बसणाऱ्यातला नव्हता. आठवड्याभरात तो आकडा आळीत सगळ्यांना ठाऊक झाला, आणि तोच आमच्या आळीचा दर झाला.

काका माझ्या घरी आले. चार मजले चढून, धापा टाकत. आई आत झोपली होती. त्यांनी चहा नको म्हटलं, तेव्हाच मला कळलं.

“मी तुला शब्द दिला होता, आळीतल्या दराचा,” ते खाली बघत म्हणाले. “आता दर तुझ्या भावानेच ठरवला. मी जुन्या दराने दिलं तर सून म्हणेल, म्हाताऱ्याला भूल पडली. मुलगा काही बोलणार नाही, पण बघेल माझ्याकडे. मला त्यांच्यातच राहायचं आहे, बाय.”

मला भांडायचं होतं. मी चांगली भांडते. पण त्यांच्या पायांतल्या चपला इतक्या झिजलेल्या होत्या आणि बोलणं इतकं खरं होतं, की मला भांडता आलं नाही. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. नवीन दराने आम्हाला त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकसुद्धा परवडली नसती.

भावाला मी फोनवर सगळं सुनावलं. तू तिकडून एक ‘बरं’ म्हणालास आणि इथे आईची जागा गेली, असं सरळ म्हटलं.  तो म्हणाला, “ताई, ते घर मी आईसाठीच घेतलं. पाडून नवीन बांधणार होतो. तिला चावी हातात देऊनच सांगायचं, असं ठरवलं होतं.” जवळचं सगळं त्याने त्यात घातलं होतं, वर तिकडे कर्जही काढलं होतं. बांधायला पैसे जमेपर्यंत दोन-तीन वर्षं तरी जाणार होती. आईकडे तेवढी वर्षं आहेत का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. “तिला आत्ता सांगू नकोस, धर्ममातेलाही मी तेच सांगितलंय,” एवढंच म्हणाला, “आता तर नकोच.”

मी आईला सांगितलं, दर वाढला, आपल्याला जमत नाही. तिने क्रूस पुन्हा कपाटात ठेवला. मला वाटलं होतं ती रडेल. ती नुसती ‘बरं’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत पुन्हा तोच विषय निघाला. देशावरच्या सरांनी मला मुद्दाम डिवचलं, “काय बाई, आज फॉरेनवाले नाहीत का?” मी वह्या तपासायचं नाटक करत राहिले. फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मागे आलं होतं, तेव्हा मीसुद्धा किंमत वाढवूनच सांगितली होती. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाचीही कोणी आई असेल. पण खरं सांगायचं तर माझं दुःख एवढं मोठ्या मनाचं नव्हतं. मला फक्त माझ्या आईचं वाईट वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल येतो, तिकडे तेव्हा सकाळ असते. आई फोन इतका जवळ धरते की त्याला तिचं नुसतं कपाळ दिसतं. त्या रविवारीही जेवलास का, थंडी किती, हे सगळं झालं. मग ती म्हणाली, “तुझ्या धर्ममातेचं घर कोणा फॉरेनवाल्याने घेतलं म्हणे. कोण तो, ती नाव सांगत नाही. मागेल तेवढे मोजले त्याने. त्याच्यामुळे माझी जागा गेली.”

 मी आईच्या मागे उभी होते, तिच्या खांद्यावरून भाऊ मला दिसत होता.

“तुझ्याकडेही आता पैसा झाला, बाळा,” आई म्हणाली, “पण तू असं करू नकोस हां कधी. तिथे म्हातारी माणसं असतात.”

“नाही आई,” तो म्हणाला. “मी कशाला असं करीन?”

“मला ठाऊक आहे,” आई म्हणाली आणि लहानपणी शाळेत पाठवताना काढायची तसा अंगठ्याने पडद्यावर, त्याच्या कपाळाशी, क्रूस काढला. त्याचे डोळे भरून वाहायला लागले होते. आईला ते दिसायच्या आत मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.