माडीवरचा कॅनडा

एमेस्सी कुठलीही गोष्ट आधी करून पाहायची. नागपूरच्या होस्टेलात राहायला जायचं ठरलं, तर महिनाभर आधीपासूनच घरची गादी सोडून सतरंजीवर झोपायला लागली. परीक्षेच्या आदल्या दिवशी सायकलवरून केंद्रापर्यंत जाऊन यायची, वाटेत चेन पडली तर किती उशीर होईल याचा अंदाज घ्यायला. कोणी हसलं की तिचं ठरलेलं उत्तर, "आधी करून पाहू, मंग बोलू." कारंज्याच्या आमच्या गल्लीत एवढं शिकलेली ती पहिलीच मुलगी, म्हणून लहानथोर सगळे तिला एमेस्सीच म्हणत. तिचं खरं नाव कोणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

मी मूळची धनजची, शेतकऱ्याची लेक. सत्तर सालानंतर कारंज्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि एमेस्सीच्या वडिलांच्या कापडदुकानावर, माडीवरच्या दोन खोल्यांपैकी एक भाड्यानं घेतली. घर जैनांचं, म्हणून कांदा-लसूण-बटाटा बंद, आणि दिवस बुडाल्यावर जेवणही बंद. कांद्याशिवाय पिठलं कसं करतात ते मी तिथं शिकले, आणि खरं सांगते, ते काही चांगलं लागत नाही. एमेस्सी माझ्याच वयाची. ती तेव्हा गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसायची आणि शाळेतल्या गमती ऐकून खो-खो हसायची.

तिला कॅनडातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. फी माफ, शिवाय तिथल्या पोरांना शिकवायचं काम. तिचे वडील एवढंच म्हणाले, "तुह्या बाईले विचार." बाई म्हणजे तिची आई. आम्ही भाडेकरू त्यांना काकू म्हणायचो. काकू बारीक चणीच्या, अंगात रक्त नाही, पण नियम घेतला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायच्या नाहीत. धाकटा मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा त्यांनी आंबा सोडला. मुलगा बरा होऊन त्याला मिशा फुटल्या, तरी आंबा सुटला तो सुटलाच.

काकूंनी सांगून टाकलं, "तिथं चार वाजताच अंधार पडते म्हनतात. दिवस बुडल्यावर जेवशील? आलू खाशील? तू गेली, तर तू परत येईपर्यंत मी एकच वेळ जेवन. मंदिरात नियमच घेतो." त्या हे करतील यात कोणालाच शंका नव्हती. आणि केलं असतं, तर वर्षभरात त्या अंथरुणाला खिळल्या असत्या. एमेस्सीचा चेहरा त्या दिवशी पडला होता. पण सकाळी पाहते तर ती शेजारच्या रिकाम्या खोलीत स्टोव्ह, दोन पातेली आणि पाणी गाळायचं फडकं घेऊन हजर! म्हणाली, "आजपासून ही खोली कॅनडा. बाईले म्हनाव, कवाही येऊन तपास."

मग सुरू झालं ते. थंडीचे दिवस होते. कॅनडातला सूर्य सकाळी साडेआठला उगवून दुपारी साडेचारला मावळतो, असं तिनं कुठूनसं वाचून काढलं होतं. जेवणखाण, पाणीसुद्धा, तेवढ्यातच. कॉलेजातून चारला सायकल हाणत यायची, धापा टाकत भात आणि मुगाचं वरण खायची. नळाच्या गार पाण्यानं अंघोळ. आणि माझ्याखेरीज घरात कोणाशी बोलणं नाही, कारण तिथं घरचं कोणी नसणार! मी म्हटलं, "अगं, मग मी तरी कोण?" म्हणाली, "तू तिथली शेजारीण."

काकूही काही कमी नव्हत्या. भलत्याच वेळी जिना चढून यायच्या, पातेलं उघडून वास घ्यायच्या. संक्रांतीला मुद्दाम पाच वाजता तिळाचे लाडू पाठवले. एमेस्सीनं ताट तसंच परत धाडलं, निरोप माझ्याबरोबर, "सूर्य बुडाला." काकू रागानं लाल झाल्या. मला मात्र त्या दिवशी दोघींच्याही पाया पडावंसं वाटलं.

महिना भरत आला तेव्हा एका दुपारी काकू वर आल्या आणि पातेलं न उघडताच खाली बसल्या. "जेवनाचं जमलं वं तुले. मानलं. पन माह्यं काय? तू इथं डोक्यावर हायेस, तरी तुह्या आवाजाबिगर घर खायले उठते. तुह्याबिगर राहाचं मले कोनी शिकवलं?"  एमेस्सीनं सगळ्याची तयारी केली होती, आईची राहून गेली होती. ती उठली आणि काकूंच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, मीही रडले.

तिचं जायचं ठरलं, आणि निघायच्या सकाळी काकू मंदिरात गेल्या. आता त्या एकवेळ जेवणाचा नियम घेऊनच येणार, असं आम्ही धरून चाललो. परत आल्यावर मी हळूच विचारलं, "घेतला का नियम?" म्हणाल्या, "घेतला. पोट्टीले सांगू नको. जीव आहे तोवर तिले 'कवा येतेस' म्हनून विचारायचं नाही. विचारलं तर पाय अडकते तिचा." आणि त्या दोन्ही वेळ जेवत राहिल्या.

पत्रं काकू सांगायच्या, मी लिहायची. थंडी किती, डाळ भेटते का, दूध चांगलं असते का. "कधी येशील, लिहू का?" म्हटलं की काकू मानेनंच नाही म्हणायच्या. एमेस्सी पुढं तिथंच नोकरीला लागली. चार वर्षांनी महिनाभर आली. काकूंनी तिला रोज नवं काहीबाही करून खाऊ घातलं आणि तेवढंच विचारलं नाही.

परत निघाली तेव्हा एसटी स्टँडवर मीच सोडायला गेले. बाकावर बसून एकदम म्हणाली, "चार वर्सं झाली, बाईनं एकदाही विचारलं नाही, कवा येतेस म्हनून. मी नको झाली का तिले?" मला काही राहवलं नाही. शब्द मोडला, सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात बस लागली. एमेस्सीनं बॅग उचलली आणि बसकडे न जाता घराकडे चालायला लागली, इतकी भरभर की मला धावावं लागलं.

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. "बस सुटली का तुही?"

"सुटू दे. बाई, मी पुढच्या दिवाळीले येईन. मंग दर दोन वर्सांनी. तू विचारू नको, मी सांगत जाईन."

काकूंनी सूप खाली ठेवलं. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि इतकी वर्षं दाबून धरलेल्या घाईनं म्हणाल्या, "दिवाळीले म्हंजे, धनतेरसले का पाडव्याले?"