रविवारचं गलबत

लेथ मशीन रोज झाडा, तरी खाली लोखंडाचा चुरा सापडतोच. आमच्या रविवारच्या वर्गाचे किस्से तसेच. मी साठवले नाहीत. साचले.

मी चौथी शिकलो. चाकणला एका कारखान्यात लेथवर जन्म काढला. माझ्या हातचा जॉब कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही. आता पिंपळे गुरवला मुलाकडे राहतो. आमच्या सोसायटीत रसिका नावाची मुलगी भाड्याने राहते, वाकडच्या आयटी कंपनीत जाते. रविवारी सकाळी ती हॉलमध्ये मुलांना जुन्या साहसकथा वाचून दाखवते. गलबतं, वादळं, निर्जन बेटं. मग त्यावर चित्रं, नकाशे, पत्रं करून घेते. चेअरमन म्हणाले, "भाडेकरूच्या हातात हॉलची किल्ली देणार नाही. जबाबदार माणूस पाहिजे." म्हणून किल्ली माझ्याकडे. दारातली खुर्चीही माझी.

माझी नात मनू तिसरीत आहे. शाळेत तोंड उघडत नाही. बाई विचारतात, ही खाली बघते. डॉक्टर झाले, समुपदेशन झालं. पण रविवारी त्या हॉलमध्ये ती एक ओळ मोठ्याने वाचते. एकच. आणि चेअरमननी बजावलेलं, "तक्रारी वाढल्या की कुलूप!" त्यामुळे हे किस्से ऐकून लोक हसतात. मला अजून घाम फुटतो.

*

पहिल्याच रविवारी रसिकाने वाचलं, "समुद्री चाच्यांनी गलबताला वेढा घातला." पोरं चिडीचूप. गोष्ट रंगली, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाचवीतला आर्यन इस्त्रीवाल्याच्या हातगाडीपाशी उभा. त्या इस्त्रीवाल्याला सगळी सोसायटी चाचा म्हणते.

"चाचा, आपका जहाज किधर है?"

त्याने गाडीकडे बघून सुस्कारा सोडला. "यही है बेटा. अभी पंचर है."

आर्यनने घरी जाऊन सांगितलं, खालचा चाचा समुद्रात लुटालूट करतो! त्याची आई तडक माझ्याकडे.

"आजोबा, काय शिकवताय तुम्ही मुलांना?"

मी म्हणालो, "मराठी."

ती गेली. मी मनात मोजलं, तक्रार एक.

*

एकदा वाक्य आलं, "कप्तानाने बंदरात नांगर टाकला." याचं चित्र काढायचं होतं. ओंकारचं घर परभणीकडचं, नुकतंच इकडे आलेलं. त्याने गलबत झकास काढलं. वर नांगर. लाकडी, फाळासकट. पुढे बैलजोडी जुंपलेली!

पोरं लोळून हसली. ओंकारचे कान लाल. रसिकाने समजावलं, जहाज जागेवर धरून ठेवणारा लोखंडी आकडा, त्यालाही नांगरच म्हणतात.

मला धास्ती, हा आता येणार नाही. ज्याला हसतात ते पोर मिटून जातं, हे मी घरी रोज बघतो. पुढच्या रविवारी मी खुर्ची सोडून गेटापर्यंत जाऊन आलो.

तो आला. नवं चित्र घेऊन. नांगर लोखंडी, बरोबर पाण्यात. बैल तसेच डेकवर.

मी म्हणालो, "आता बैल कशाला रे?"

"मग त्यो नांगर वर कोण वढंल आजोबा? तुमी?"

*

निर्जन बेटावर जाताना सोबत काय न्याल, असा खेळ होता. कुणी सुरी म्हणालं, कुणी दोरी. एकाने चार्जर सांगितला. वीज कुठली, ते सांगितलं नाही.

दुसरीतली श्रावणी म्हणाली, "मी पप्पांना नेणार. बेटावर शिफ्ट नसते."

तिचे पप्पा तिला न्यायला आलेले, कंपनीच्या युनिफॉर्मवर, दारात माझ्या शेजारी उभे. त्यांनी ऐकलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. माणूस चिडला तर आणखी एक तक्रार.

ते माझ्याकडे सरकले. मग हळूच म्हणाले, "काका, कंपनीची बस जाते का हो तिथं?"

*

खजिन्याच्या नकाशाचा रविवार मी विसरणार नाही. खुणा म्हणून मुलांनी लाल खडूने काही दारांवर फुल्या काढल्या आणि पुसायच्या राहिल्या.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. "सावधान! चोरांनी घरं हेरून ठेवली आहेत." वॉचमनला शिट्टी मिळाली. बायकांनी दागिने बाहेर काढले, मग परत आत ठेवले. मी खडू खिशात घालून बसलेलो. सांगावं तर वर्ग बंद, न सांगावं तर लोक काठ्या घेऊन जिन्यात.

शेवटी उठलो आणि फोडून सांगितलं. चेअरमन खवळले. मग खात्री करायला आम्ही मुलांना घेऊन एकेक फुली मोजत निघालो. तिसऱ्या मजल्यावर एक फुली दुसऱ्याच दारावर होती.

"ही आम्ही नाही काढली," आर्यन म्हणाला.

चौकशी केली. समोरच्या गृहस्थांनी आपल्या दारावरची फुली पुसली होती. आणि शेजाऱ्याच्या दारावर काढली होती!

*

मग बाटली. बेटावर अडकलेला माणूस चिठ्ठी लिहून बाटली समुद्रात सोडतो, तसं पत्र मुलांनी लिहिलं. "आम्ही इथे अडकलो आहोत. प्यायचं पाणी संपत आलंय. लवकर या." खाली सोसायटीचं नाव, विंगसकट. समुद्र नाही म्हणून बाटली कंपाउंडवरून रस्त्यावर फेकली. ती नेमकी नगरसेवक व्हायला निघालेल्या एका भाऊंच्या पोरांना सापडली.

दुपारी टँकर हजर! पुढे भाऊंचा फ्लेक्स, मागे फोटोग्राफर.

चेअरमन ओरडत खाली आले, "सोसायटीची इज्जत गेली! कोणी बोलावला टँकर?"

त्यांना उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. सगळे बादल्या आणायला गेले होते.

*

संध्याकाळी नोटीस लागली. पुढच्या रविवारी संध्याकाळी मीटिंग, विषय एकच: हॉल बंद करणे.

मीटिंगच्या आधी एक वर्ग उरला होता. रसिकाने त्या दिवशी उपाशी ठेवलेल्या खलाशांची गोष्ट वाचली. कप्तानाकडे तक्रार करायची, पण ज्याचं नाव पहिलं त्याला फटके. म्हणून ते गोलात सह्या करतात. रसिकाने फक्त वाचलं. मुलांना तिने काही सुचवलं नाही, मी दारातच होतो. मनूने आपली एक ओळ वाचली. शेवटची, असं मी धरून चाललो.

मीटिंगला टेबलावर एक कागद आला. मधे लिहिलेलं, "हॉल बंद करू नये." सभोवती सह्या, सूर्याच्या किरणांसारख्या. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, सगळी मिसळलेली.

चेअरमननी चष्मा लावला. कागद फिरवला. पुन्हा फिरवला, गाडीचं स्टिअरिंग फिरवावं तसा.

"यात पहिली सही कोणाची? पुढारी कोण यांचा?"

रसिका खाली बघत होती. भाड्याचं घर, घरमालक समोरच बसलेला. माझं नाव सांगावं म्हणून मी उठायला लागलो.

तेवढ्यात माझ्या खुर्चीमागून आवाज आला. "काका, गोलाला पहिला नसतो."

मनू!

मी उठता उठता तसाच बसलो.

चेअरमननी कागद आणखी एकदा फिरवला. अर्ध्यावर थांबले. डोळ्यांजवळ नेला.

"अहो," ते म्हणाले, "ही सही तर आमच्या हिची आहे!"